टीव्ही नाटकांच्या जुन्या स्क्रिप्ट कशा जपायच्या: खोकं उघडण्यापासून हार्डडिस्कपर्यंत

ओळखीतल्या कुणीतरी कधीकाळी सार्वजनिक टीव्हीच्या नाट्यविभागात काम केलेलं असतं, मग एक दिवस घरच्यांचा फोन येतो की अहो एक खोकं निघालंय, जुन्या नाटकांच्या स्क्रिप्ट आहेत म्हणे, बघताय का नाहीतर देतो रद्दीत. असं एक खोकं माझ्याकडे आलं नि त्याच्या पाठोपाठ अजून दोन आली. त्यात मी बऱ्याच चुका केल्या, काही निस्तरता आल्या, काही नाही. तुमच्याकडे असं खोकं आलं तर काय करायचं नि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, ते सगळं इथे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. टीव्हीवर अशी नाटकं बरेचदा अँथॉलॉजीत यायची. अँथॉलॉजी म्हणजे दर आठवड्याला नवीन नाटक, नवा लेखक, नवे नट, कॉमन फक्त मालिकेचं नाव नि वेळ. बीबीसीचं 'द वेन्सडे प्ले' १९६४ ते १९७० चाललं नि त्याच्याच पोटातून 'प्ले फॉर टुडे' आलं ते १९७० ते १९८४. अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक टीव्हीवर १९८२ पासून 'अमेरिकन प्लेहाउस' होतं. आता होतं काय, की त्या काळी दोन इंची व्हिडिओटेप भयंकर महाग असायची नि पुसून पुन्हा वापरता यायची, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची हा नेहमीचा रिवाज. बीबीसीत हे १९७८ पर्यंत चालू होतं. १९६३ च्या जानेवारीत त्यांच्या 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट' या नाटकात बॉब डिलन होता, तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला, नि ते रेकॉर्डिंगसुद्धा १९६८ मध्ये पुसलं गेलं. कुणी कुणी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून आवाज पकडला होता, तेवढाच काय तो शिल्लक. अशा नाटकांची गोष्ट कळायची तर कागदच धुंडाळायला लागतो.

पहिली पायरी: काही आवरू नका

खोकं उघडल्यावर हात शिवशिवतात, माहितीये. नाटकाप्रमाणे गठ्ठे लावावेत, डबल कॉपी बाजूला काढाव्यात, गंजलेल्या पिना उपटाव्यात असं वाटतं. थांबा. आधी मोबाइल काढा नि खोक्याचे फोटो घ्या: बाहेरून, झाकण उघडून, प्रत्येक थर उचलताना. कुठली स्क्रिप्ट कुठल्या फाइलीत होती, कुठल्या दोन एका रबरबँडात होत्या, मध्ये कुठली चिठ्ठी होती, हे एकदा विस्कटलं की परत मिळत नाही. एका गठ्ठ्यात मला एक पहिलं पान नसलेली स्क्रिप्ट मिळाली, नाव नाही लेखक नाही काही नाही, पण ती ज्या पाकिटात होती त्याच्यावर तारखा लिहिल्या होत्या त्यावरून लागली. ते पाकीट फाटकं म्हणून मी जवळजवळ टाकलंच होतं.

आणि ज्यानं खोकं दिलं त्याच्याशी तेव्हाच बोलून घ्या. हे कुणाचं, ती व्यक्ती काय काम करायची, खोकं आधी कुठे होतं. दहा मिनिटं लागतात, वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पुढे ही माहिती देणारं माणूस असेलच असं नाही.

दुसरी पायरी: हातात नक्की काय आहे ते ओळखा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि मला सगळ्यात आवडणारी, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे. 'स्क्रिप्ट' म्हणून एकच वस्तू नसते. एकाच नाटकाच्या पाच प्रती असतील तर त्या पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

सगळ्यात आधी लेखकानं टाइप करून दिलेला मसुदा, बरेचदा त्याची पातळ कागदावरची कार्बन कॉपी. मग तालमीची स्क्रिप्ट, ही सायक्लोस्टाइल केलेली, नटांना वाटलेली, संवाद नि थोड्याफार सूचना. मग कॅमेरा स्क्रिप्ट. ही एकदा पाहिली की कायम ओळखता येते: संवाद पानाच्या उजवीकडे दाटीनं बसवलेले आणि डावीकडे शॉटचा नंबर, कुठला कॅमेरा, कुठल्या जागेवर, क्लोजअप की टू-शॉट (एका चौकटीत दोघं). कंट्रोल रूममध्ये बसलेली प्रॉडक्शन असिस्टंट हेच शॉट नंबर मोठ्यानं बोलायची नि त्या तालावर सगळा स्टुडिओ हलायचा. कॅमेरामनसाठी त्याच्यापुरत्या शॉटची यादी असलेली छोटी कार्डंसुद्धा असायची, गठ्ठ्यात अशी लांबट कार्डं सापडली तर ती सुटे कागद म्हणून फेकू नका, त्याच नाटकाबरोबर ठेवा. आणि शेवटी प्रत्यक्ष दाखवलं गेलेलं बघून टाइप केलेली स्क्रिप्ट, म्हणजे काय कापलं काय बदललं ते धरून.

यातली 'खरी' कुठली, हा प्रश्नच चुकीचा आहे. दिग्दर्शक माइक ली यांचं 'अ‍ॅबिगेल्स पार्टी' १९७७ मध्ये 'प्ले फॉर टुडे'त दाखवलं गेलं, ते नटांबरोबर इम्प्रोव्हाइज करत करत उभं राहिलेलं नाटक. अशा ठिकाणी तालमीआधीची टाइप केलेली संहिता शोधत बसाल तर हाती काहीच लागणार नाही. उलट एखाद्या नाटकात लेखकाचा मसुदा नि दाखवलेलं नाटक यातला फरक हीच खरी गंमत असते. म्हणून डबल कॉपी म्हणून काहीही फेकू नका, निदान प्रत्येक प्रत पानन् पान चाळल्याशिवाय तरी नाही.

मला एका प्रतीत पेन्सिलीनं केलेल्या खुणा मिळाल्या, प्रत्येक सीनच्या शेवटी मिनिटं नि सेकंद, आणि एका दीड पानाच्या संवादावर तिरकी रेघ मारून बाजूला फक्त '४०' लिहिलेलं. मला वाटलं शॉट नंबर असेल. नंतर सगळ्या वेळा बेरजेत घेतल्या तेव्हा कळलं की ते चाळीस सेकंद होते, नाटक स्लॉटपेक्षा, म्हणजे प्रसारणाला ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा, लांबत होतं आणि तो संवाद घड्याळासाठी गेला होता. दुसऱ्या, कोऱ्या करकरीत प्रतीत तो संवाद पूर्ण आहे. ती सुंदर प्रत ठेवून ही मळकी टाकली असती तर?

पानं रंगीत असतील तर तेही कारणाशिवाय नसतं. विशेषतः अमेरिकी पद्धतीत दुरुस्तीची पानं वेगळ्या रंगावर काढतात, साधारण पांढरी मग निळी मग गुलाबी मग पिवळी मग हिरवी, हा क्रम कंपनीगणिक बदलतो, आणि बदललेल्या ओळीसमोर समासात चांदणी असते. मध्ये वाढवलेल्या पानाला १८अ, १८ब असे नंबर. म्हणजे एकाच स्क्रिप्टमध्ये चार वेगवेगळ्या दिवसांची पानं असतात. आणि कॅमेरा स्क्रिप्टमध्ये सीन उलटसुलट दिसले तर 'पानं विस्कटलीत' म्हणून जुळवायला बसू नका, रेकॉर्डिंग बरेचदा गोष्टीच्या क्रमानं नाही तर सेटच्या सोयीनं व्हायचं आणि स्क्रिप्टही त्याच क्रमानं लावलेली असायची. मी एक अशी 'नीट' लावून ठेवली होती. पहिल्या पायरीतले फोटो होते म्हणून वाचलो.

तिसरी पायरी: पिना, रबरबँड, धूळ

टेबल कोरडं, हात धुऊन पूर्ण वाळवलेले. पांढरे कॉटनचे ग्लोव्हज सिनेमात छान दिसतात पण त्यांनी पातळ कागदाची कड जाणवत नाही नि फाटतं, स्वच्छ हात बरे. चहा, पाणी, पेन दुसऱ्या टेबलावर. टेबलावर फक्त पेन्सिल.

रबरबँड वाळून कागदाला चिकटलेला असतो, ओढू नका, तुकडे करून अलगद काढा, जिथे चिकटलाय तिथे राहू दे. स्टेपल काढायला ते दातवालं रिमूव्हर अजिबात नको. स्क्रिप्ट उलटी करायची, स्टेपलचे दोन्ही पाय पातळ बोथट पातीनं उभे करायचे आणि मग पुढून सरळ वर उचलायचं. गंजलेलं असेल तर पातीच्या खाली पॉलिस्टरच्या फिल्मची छोटी पट्टी सरकवा म्हणजे जोर कागदावर न येता फिल्मवर येतो. जी पिन गंजलेली नाही, घट्ट आहे, तिला हात न लावलेला बरा. काढलीच तर पानं सुटी होणार, म्हणून काढण्याआधी पानं मोजा, आणि प्रत्येक पानाच्या मागे कोपऱ्यात चौकटी कंसात हलका पेन्सिल नंबर टाका, छापील नंबर असला तरी, कारण छापील नंबर पुनःपुन्हा येतात किंवा मध्येच गायब असतात. गायब पानाच्या जागी कोरा कागद, त्यावर 'पान ३२ मिळालेलं नाही' नि तारीख.

धूळ मऊ ब्रशनं, आतून बाहेरच्या कडेकडे. खोडरबर वापरू नका, तुम्हाला मळ वाटतो ती कुणाचीतरी पेन्सिलची खूण असते. जुनी पिवळी चिकटपट्टी तशीच राहू द्या आणि नवीन चिकटपट्टी तर आयुष्यात कधीच नको. फाटलेलं पान पारदर्शक पॉलिस्टरच्या फोल्डरमध्ये ठेवलं की पुरतं, दुरुस्ती ज्यांचा हात बसलाय त्यांनीच करावी. आणि लॅमिनेशन करू नका, मला एकदा एका हौशी माणसानं अभिमानानं लॅमिनेट केलेली अख्खी स्क्रिप्ट दाखवली होती, काय बोलणार.

बुरशी दिसली तर तो गठ्ठा लगेच वेगळा करा, मास्क लावा, आधी हवेशीर जागी पूर्ण कोरडा होऊ द्या आणि मगच मोकळ्या हवेत ब्रश करा, ओली बुरशी पुसायला गेलात तर ती कागदात जास्त शिरते. कसर किंवा दुसरे किडे असतील तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही! पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी कागदावर जमतं. स्क्रिप्ट भिजून आल्या असतील तर मात्र ४८ तासांच्या आत वाळवायच्या, तेवढ्या वेळात होणार नसेल तर गोठवून ठेवायच्या नि मग थोड्या थोड्या वाळवायच्या.

चौथी पायरी: कशात ठेवायचं

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. पहिल्या खोक्यातल्या स्क्रिप्ट मी कौतुकानं दुकानातल्या चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातल्या. दोन-तीन वर्षांनी एक झेरॉक्स प्रत बाहेर काढायला गेलो तर पान सुटेना, हळू ओढलं तेव्हा चर्र असा आवाज आला आणि पाकिटाच्या आतल्या बाजूला अख्खा संवाद उलटी अक्षरं होऊन चिकटलेला. कागदावर राखाडी सावली फक्त. पीव्हीसी होतं ते, झेरॉक्सची शाई त्याला चिकटते. वासावरून बरेचदा ओळखता येतं, नवीन पडद्यासारखा किंवा खेळण्यासारखा वास आला तर नको. प्लॅस्टिक हवंच असेल तर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा पॉलिस्टर.

पण बहुतेक स्क्रिप्टना प्लॅस्टिक लागतच नाही. आम्लमुक्त कागदाचं फोल्डर, एका फोल्डरात एक प्रत, आणि ते आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात. साठ-सत्तरच्या दशकातला स्वस्त लाकडी लगद्याचा कागद स्वतःच आम्ल सोडतो नि पिवळा पडून तुटतो, त्यात साधा पुठ्ठा म्हणजे भर. वर्तमानपत्राचं कात्रण स्क्रिप्टला चिकटून असेल तर मध्ये आम्लमुक्त कागद सरकवा, कात्रणाचा तपकिरी छाप शेजारच्या पानावर उमटतो. फोल्डरवर नाव पेन्सिलीनं, तेही स्क्रिप्ट आत घालायच्या आधी, म्हणजे दाब पडत नाही.

माप बघून घ्या. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या स्क्रिप्ट बरेचदा फुलस्केप असतात, साधारण ८ बाय १३ इंच, आणि ए-फोर म्हणजे पावणेबारा इंचाच्या आसपास. ए-फोर खोकं घेतलंत तर खालची कड दुमडते नि पुढे तिथेच तुटते. खोकं ठासून भरायचं नाही, अर्धं रिकामंही ठेवायचं नाही, नाहीतर फोल्डर वाकतात.

थर्मल फॅक्सची पानं मिळाली, ती गुळगुळीत गुंडाळी होणारी, तर सगळं सोडून आधी ती स्कॅन करा, ती अक्षरशः पुसट होत चाललेली असतात.

जागा कुठली, तर माळा नको, तळघर नको, बाहेरची ओली भिंत नको, पाण्याच्या पाइपखाली तर नकोच. अंधारी, थंड, आणि हवामान फार खालीवर न होणारी. १६ ते २० अंश नि ३५ ते ५० टक्के आर्द्रता हे आदर्श, घरात ते जमत नाही, पण खोकं जमिनीपासून वितभर वर ठेवणं सगळ्यांना जमतं.

पाचवी पायरी: यादी, स्कॅनच्या आधी

सगळे स्कॅनर घेऊन धावतात नि मग हजारो फाइल होतात ज्यात काय आहे कुणालाच माहीत नसतं. आधी साधी स्प्रेडशीट. एका ओळीत एक प्रत, एक नाटक नाही. मालिका, नाटकाचं नाव, आधीची नावं (बदलतात, फार बदलतात), लेखक, दिग्दर्शक, प्रॉडक्शन नंबर, स्क्रिप्टचा प्रकार, तारीख, पानं किती, किती गायब, कागदाचा रंग, कुणाची प्रत, हातानं लिहिलेलं काय आहे, कुठल्या खोक्यात.

अँथॉलॉजीत ही यादी जास्त काटेकोर लागते. नेहमीच्या मालिकेत कव्हर नसलं तरी पात्रांच्या नावावरून ओळख पटते, इथे दर आठवड्याला पात्रं नवी. म्हणून पात्रांची नावं आणि पहिला संवाद हे दोन कॉलम मी सक्तीचे केलेत. कव्हर हरवलेली पानं नंतर कुठेतरी सापडतात तेव्हा याच कॉलममुळे जुळतात.

तारखेचे कॉलम तीन ठेवा: स्क्रिप्टची, रेकॉर्डिंगची, प्रसारणाची. नाटककार डेनिस पॉटरचं 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल' १९७६ मध्ये तयार होतं, ऐनवेळी थांबवलं गेलं नि १९८७ मध्ये दाखवलं. 'स्कम' हे नाटक १९७७ चं, बीबीसीवर दिसायला १९९१ उजाडलं. एकच 'वर्ष' कॉलम असेल तर अशा नाटकांचं काय लिहिणार? आणि जे अंदाजानं लिहिताय ते चौकटी कंसात टाका, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की हे कागदावर नाही, तुमच्या डोक्यातून आलंय.

सहावी पायरी: स्कॅन

फ्लॅटबेड (काचेवर कागद ठेवायचा स्कॅनर) किंवा वरून फोटो घेणारं स्टँड. आपोआप कागद ओढणाऱ्या मशीनमध्ये जुना कागद घालू नका, एक पान चुरगळलं की कळतं. ४०० पीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके), फुल कलर, टिफ (चित्राची तपशील न गमावणारी फाइल). कलर का, तर पहिल्या अकरा स्क्रिप्ट मी जागा वाचवायला ब्लॅक अँड व्हाइट केल्या, गुलाबी नि निळी पानं सगळी एकसारखी पांढरी झाली, पेन्सिलच्या खुणा उडाल्या, आणि सगळ्या अकरा परत कराव्या लागल्या. फुलस्केपचं एक पान असं साधारण ५० एमबी होतं, ११० पानांची स्क्रिप्ट साडेपाच जीबी, म्हणजे साठ स्क्रिप्ट ३३० जीबीच्या घरात. आजकाल हे काही फार नाही.

कव्हर, मागची बाजू, कोरी पानं सगळं स्कॅन करा. मागच्या बाजूला फोन नंबर, सेटचे नकाशे, नटांच्या मापांचे हिशोब असतात. ए-फोर स्कॅनरवर फुलस्केप मावत नाही, तेव्हा दोन तुकड्यांत घेऊन चिकटवण्यापेक्षा सरळ वरून कॅमेऱ्यानं घ्या.

फाइलची नावं रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढ्यातच, स्पेस नाही. माझा साचा: वर्ष_नाटकाचा क्रमांक_प्रकार_प्रत_पान, म्हणजे 1976_07_camera_b_045 अशा धर्तीवर. नाटकाचं पूर्ण नाव फाइलीत घालू नका, ते यादीत असतं. टिफला परत हात लावायचा नाही, सरळ करणं, उजळवणं सगळं कॉपीवर. वाचायला पीडीएफ-ए करा, हा जपणुकीसाठीचाच प्रकार आहे, फॉन्ट वगैरे फाइलीतच बांधलेले असतात.

ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेणं, करा पण विश्वास ठेवू नका. पुसट सायक्लोस्टाइलवर ते गडबडतं, आणि कॅमेरा स्क्रिप्टमध्ये डावीकडचे शॉट नि उजवीकडचे संवाद एका ओळीत मिसळून भलताच संवाद तयार करतं. शोधण्यापुरतं ठीक. हातानं लिहिलेलं तुम्हीच टाइप करायचं.

मग तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. प्रत्येक फाइलची चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) यादी करून ठेवा, फुकट प्रोग्रॅम आहेत, आणि वर्षातून एकदा पुन्हा ताडून बघा. फाइल गुपचूप खराब झाली की उघडते बरेचदा, फक्त खालचं अर्धं पान करडं दिसतं, आणि तोवर तीच खराब फाइल तिन्हीकडे गेलेली असते.

ऐंशीच्या दशकानंतरच्या खोक्यात फ्लॉपी असू शकतात. तीन इंची, कडक कव्हरची, नेहमीच्या साडेतीनपेक्षा वेगळी दिसली तर ती बहुतेक अ‍ॅमस्ट्रॅडच्या वर्ड प्रोसेसरची, खूप लेखक वापरायचे. कुठल्याही जुन्या ड्राइव्हमध्ये घालून बघू नका, आधी राइट-प्रोटेक्ट करा (म्हणजे तिच्यावर नवीन काही लिहिलं जाणार नाही) आणि अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, काढू शकणाऱ्या माणसाकडे द्या. लेबलचा फोटो मात्र आजच.

हक्क, आणि शेवटी द्यायचं कुणाला

कागद तुमच्याकडे आहे म्हणजे नाटक तुमचं झालं नाही. हक्क लेखकाकडे, वारसांकडे, प्रसारकाकडे, किंवा कादंबरीवरून केलेलं असेल तर मूळ कादंबरीकाराकडेही. देशागणिक लेखकाच्या मृत्यूनंतर ५०, ६०, ७० वर्षं. म्हणून स्कॅन नेटवर टाकायची घाई नको. यादी टाकायला मात्र काही हरकत नसते आणि अभ्यासकांना पहिल्यांदा तीच लागते, फक्त कागदावरचे घरचे पत्ते नि फोन नंबर त्यात येऊ देऊ नका.

खोकी तुमच्या घरात कायम राहणं काही बरं नाही. बीबीसीचे जुने कागद रेडिंगजवळ कॅव्हरशमच्या त्यांच्या रिटन अर्काइव्ह्ज सेंटरमध्ये आहेत, अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि बोस्टनचं सार्वजनिक टीव्ही केंद्र जीबीएच मिळून एक अर्काइव्ह चालवतात, त्यांचा भर मात्र टेपवर. जिथे द्यायचंय तिथे आधी यादी पाठवा, खोकं उचलून नेऊ नका. एकाच मालिकेचा संग्रह फोडून चार ठिकाणी देऊ नका. आणि देताना लेखी विचारा: डबल प्रती काढून टाकणार का, आणि टाकणार असाल तर आधी मला परत कराल का. माझी ती '४०' वाली मळकी प्रत मी याच अटीवर दिली, आणि तिच्या फोल्डरवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: वेळा नोंदवलेली प्रत, कोऱ्या प्रतीपेक्षा वेगळी, पान ४१ बघा.